स्कॅनरचा पैसा कोणाच्या खात्यात?

उमरी (जि. नांदेड) येथील एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्या घरी शिलाई मशीनवर पंचशील ध्वज, निळे झेंडे, पांढरे सदरे आणि पांढऱ्या साड्यांवरचे ब्लाऊज शिवतात. माल उमरीच्या बाजारात विकतात, महाविहार बावरीनगर, दाभड येथे पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते तेथे स्टॉल लावतात, आणि ओळखीपाळखीतून पुणे-हैदराबादकडूनही मागणी येते. त्या लिहितात की, गिऱ्हाईक आता भाव विचारण्याआधी "स्कॅनर आहे का?" असे विचारते. दोन कंपन्यांची पोरे घरी येऊन गेली. एकाने फुकट स्टिकर देतो म्हटले, दुसऱ्याने बोलणारा डबा देतो आणि वर कर्जही देतो म्हटले. तिसऱ्या एका ओळखीच्या माणसाने वेबसाइट काढून त्यावर पेमेंट गेटवे लावण्याचा सल्ला दिला. सध्या गिऱ्हाइकाचे पैसे मुलाच्या मोबाईलवर येतात आणि मुलगा नांदेडला कॉलेजात असतो. तर यातले नेमके काय घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकट्या या ताईंचा नाही. शेवयाच्या मशीनपासून ब्युटी पार्लरपर्यंत आणि पुस्तकांच्या स्टॉलपासून अंडी-ऑम्लेटच्या गाड्यापर्यंत, आपल्या समाजातील किती तरी कुटुंबे आज लहानमोठा धंदा करू लागली आहेत. म्हणून आम्ही पत्राचे उत्तर खाजगीत न देता येथेच सविस्तर देत आहोत.

हाली, कलदार आणि बट्टा

मराठवाड्याला दोन प्रकारच्या पैशांची सवय जुनी आहे. निजामी राज्यात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी अमलाखालच्या मुलखात कलदार रुपया. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार असा हिशेब होता. रेल्वेने अमलाबाहेर जाणाऱ्याला पैसे बदलून घ्यावे लागत आणि बदलून देणारा आपला बट्टा कापून घेई. ज्याला हिशेब कळे त्याचा बट्टा कमी जाई. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याचा किती जात असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

उमरी गावाच्या इतिहासातही पैशाचे एक मोठे प्रकरण आहे. जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी उमरीची बँक लुटली आणि ती रक्कम लढ्याच्या कामी लावली. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या प्रकरणाला मानाचे पान आहे व ते योग्यच आहे. पण आमच्या मनात दुसराच विचार येतो. त्या तिजोरीत पैसा होता तो व्यापाऱ्यांचा आणि सरकारचा. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीजणींचे नाव त्या बँकेच्या वहीत असेल? आज उमरीतील शिलाईकाम करणारी आपली भगिनी बँकेचे खाते आणि पैसे घेण्याचे यंत्र यांची निवड करते आहे, यात किती अंतर कापले गेले ते दिसते. म्हणूनच ही निवड दारात आलेल्या पोराच्या भरवशावर सोडू नये.

पैसा जातो कसा?

आधी एक समजूत दूर केली पाहिजे. फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम ही पैसा ठेवण्याची ठिकाणे आहेत असे अनेकांना वाटते. साध्या व्यवहारात तसे नसते. ती दारे आहेत. गिऱ्हाईक स्कॅन करते तेव्हा पैसा त्याच्या बँक खात्यातून निघतो आणि तुमच्या बँक खात्यात पडतो. मधला रस्ता यूपीआयचा. तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केला. कोणत्याही कंपनीचा यूपीआय स्टिकर लावला तरी सगळ्या अ‍ॅपचे गिऱ्हाईक त्यावर पैसे देऊ शकते. तेव्हा दुकानाच्या काचेवर चार कंपन्यांचे चार स्टिकर चिकटवण्यात काहीच मतलब नाही, उलट रात्री हिशेब जुळवताना चार ठिकाणी बघावे लागते.

भीम अ‍ॅपबद्दल दोन शब्द. ३० डिसेंबर २०१६ रोजी ते निघाले आणि बाबासाहेबांच्या नावाशी जोडून त्याची घोषणा झाली. आपल्याकडे अनेकांनी नाव बघूनच ते घेतले. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनावर साक्ष दिली. त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक उभी राहिली. (बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक एकट्याने स्थापन केली असे काही वक्ते ठोकून देतात. तसे बोलण्याची गरज नाही, खरे आहे तेवढेच पुरेसे मोठे आहे.) पण पैशाच्या बाबतीत बाबासाहेबांची रीत आकडे तपासून मग मत देण्याची होती. भीम अ‍ॅप चांगले आहे, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या आधाराचे आहे, मराठीत चालते. घ्यायचे तर या कारणांनी घ्यावे.

बट्टा किती कापतात?

गिऱ्हाइकाने आपल्या बँक खात्यातून साध्या यूपीआयने पैसे दिले तर दुकानदाराकडून काहीही कापता येत नाही. १ जानेवारी २०२० पासून सरकारने हा बट्टा शून्य केला आहे. रुपे डेबिट कार्डालाही तेच लागू आहे. कोणी "व्यवहाराला इतके टक्के द्यावे लागतील" म्हणाला तर त्याला कशाचे टक्के ते विचारा. क्रेडिट कार्ड, परदेशी कार्ड, पाकिटात भरलेले पैसे यांचे नियम वेगळे आहेत. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून लहान दुकानदाराला पैसे दिले तर २ हजार रुपयांपर्यंत दुकानदाराला भुर्दंड नाही, त्यावर लागतो.

बोलणाऱ्या डब्याचे भाडे मात्र असते. ते महिन्याला शंभर रुपयांच्या आसपास, कोठे कमी कोठे जास्त. शंभर धरले तर वर्षाचे १२०० होतात. एवढ्या रकमेचे किती झेंडे शिवावे लागतात ते ताईंनीच मोजावे. तरीही त्यांच्या बाबतीत आम्ही डबा घ्यावा असेच म्हणू. मुलगा नांदेडला आहे, स्मार्टफोन त्याच्याजवळ आहे आणि गिऱ्हाईक समोर उभे आहे. डब्यात स्वतःचे सिम असते, तो मराठीत रक्कम बोलतो, आणि नुसता "पैसे गेले" असा फोटो दाखवून माल घेऊन जाणारे गिऱ्हाईक त्यामुळे आवरते. असे खोटे फोटो आणि खोटी अ‍ॅप आता सर्रास निघाली आहेत.

आता गेटवे. वेबसाइटवर किंवा पाठवलेल्या लिंकवर कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय असे सगळे प्रकार चालावेत यासाठी रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअ‍ॅव्हेन्यू अशा कंपन्या आहेत. गिऱ्हाइकाचा पैसा आधी त्यांच्या वेगळ्या राखीव खात्यात जातो आणि साधारण एक-दोन कामाच्या दिवसांनी तुमच्या खात्यात येतो. त्यांचा आकार बहुधा २ टक्क्यांच्या आसपास आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हजार रुपयांच्या मागणीवर २० रुपये आणि वर ३ रुपये ६० पैसे, हातात येतात ९७६ रुपये ४० पैसे. कापड, दोरा, पोस्टेज वजा जाता हजारामागे शंभर रुपये सुटत असतील तर त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा येथेच गेला!

महिन्याला दहा-पंधरा मागण्या असतील तर गेटवेची मुळीच गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या क्यूआरचा फोटो पाठवावा, पैसे आले की पार्सल टाकावे. मागण्या रोजच्या होऊ लागल्या, कोणाचे पैसे आले नि कोणाचे नाही हे वहीत लागेनासे झाले, किंवा परदेशातील आपले बांधव कार्डाने पैसे देऊ लागले, तेव्हा गेटवेचा विचार करावा. तेव्हाही त्या कंपनीचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील परवानाधारकांच्या यादीत आहे का ते पाहावे. २०२० पासून या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी घेणे बंधनकारक आहे. यादीत नाव नसेल तर बोलणेच संपवावे.

नाव कोणाचे, खाते कोणाचे?

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि पत्रात तो ओझरता आला आहे. काम ताई करतात, रात्री जागून शिवतात, आणि पैसा मुलाच्या खात्यात जातो. मुलगा गुणी आहे याबद्दल आम्हाला शंका नाही. पण वर्षाला लाख-दीड लाखाची उलाढाल झाली तरी बँकेच्या दृष्टीने ताईंनी एक रुपयाही कमावलेला नाही. उद्या त्यांनी दुसऱ्या मशीनसाठी कर्ज मागितले तर दाखवायला काय आहे? पासबुक कोरे. आणि मुलाच्या कॉलेजची शिष्यवृत्ती ज्या खात्यात यायची, त्याच खात्यात झेंड्यांचे पैसे जमा होत राहिले तर त्याच्याही हिशेबात घोळ.

हिंदू कोड बिलात स्त्रियांना मालमत्तेचा हक्क मिळावा म्हणून झगडून, ते बिल अडवले गेल्यावर बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बाबासाहेबांच्या लेकींच्या घरातही कमाईचे खाते नवऱ्याच्या वा मुलाच्या नावे असते, हे आम्ही अनेक घरांत पाहतो. त्यात नवऱ्याचा दुष्टपणा असतोच असे नाही, बहुतेक वेळा ज्याचा मोबाईल त्याचे खाते एवढेच असते. तेव्हा पहिले काम हे की खाते ताईंच्या नावाने, त्यावर ताईंचाच मोबाईल नंबर आणि वारसाचे नाव लावलेले.

जनधन खाते असेल तर एक गोष्ट तपासून घ्यावी. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या 'छोट्या' खात्यात वर्षाला १ लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ देत नाहीत. सीझनच्या ऐन भरात खाते अडकले म्हणजे गिऱ्हाइकापुढे नाचक्की. आधार, पॅन देऊन केवायसी पूर्ण केली की ही मर्यादा उठते. लहान धंद्याला काही बँका बचत खात्यावरच दुकानाचा क्यूआर देतात, उलाढाल वाढली की चालू खाते मागतात. चालू खात्यात किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारावे.

दुकानाचा क्यूआर आणि स्वतःच्या मोबाईलमधला खाजगी क्यूआर यांत फरक आहे. खाजगी क्यूआर स्कॅन केला की गिऱ्हाइकाला खातेदाराचे पूर्ण नाव दिसते, दुकानाचा असेल तर दुकानाचे. खेड्यापाड्यांत अजूनही आडनाव वाचून हात आखडणारे गिऱ्हाईक आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आडनाव लपवा असे आम्ही कधीही सांगणार नाही, आणि झेंडे शिवणाऱ्याला ते लपवायचे कारणही नाही. पण बोर्डावर जे नाव तेच फोनवर दिसले की नवखे गिऱ्हाईक बिचकत नाही, आणि "हे कोणाला पैसे चालले?" असा प्रश्न येत नाही. मुलाचे नाव दिसत असल्यामुळे आज तो नक्कीच येत असेल. धंद्याच्या नावासाठी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी हजार-पाचशे मागणारे दलाल बसलेले असतात, त्यांना देऊ नये.

पैसा आपल्या बँकेतच पडावा, कंपनीच्या पाकिटात साठू देऊ नये, हा आग्रह आम्ही का धरतो? ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर त्या बँकेच्या खात्यांत व पाकिटांत नवा पैसा जमा करण्यास मनाई केली. ज्या दुकानदारांचा क्यूआर स्टेट बँक, ग्रामीण बँक अशा दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला होता त्यांचे काम चालू राहिले. ज्यांचे सारे त्याच बँकेत होते त्यांना धावाधाव करून दुसरे खाते जोडावे लागले.

डब्याबरोबर येणारे कर्ज

दोन-चार महिने स्कॅनरवर पैसे येऊ लागले की मोबाईलवर निरोप येतो: तुम्हाला अमुक हजारांचे कर्ज मंजूर झाले आहे. कागद नको, जामीन नको. हप्ता रोजच्या जमेतून आपोआप कापला जाईल.

हा हिशेब करून पाहू. समजा ५० हजार घेतले आणि वर्षभरात रोज थोडे थोडे करून ५८ हजार फेडले. सांगणारा म्हणेल व्याज १६ टक्के. पण रोज फेडत असल्यामुळे ५० हजार तुमच्या हातात पहिल्याच दिवशी असतात, सहा महिन्यांनी २५ हजार उरतात, शेवटी काहीच नाही. सरासरीने तुम्ही २५ हजार वापरले आणि व्याज दिले ८ हजार. खरा दर ३० टक्क्यांच्या वर गेला! शिवाय झेंड्यांचा धंदा वर्षभर सारखा नसतो. एप्रिलमध्ये जयंती, वैशाखात बुद्ध पौर्णिमा, पुढे अशोक विजयादशमी, मग ६ डिसेंबर. मधल्या महिन्यांत चार पैसे आले तर त्यातलाही हप्ता आधी कापला जाणार. पूर्वी सावकार खळ्यावर येऊन धान्य मोजून नेई, त्याची आठवण आम्हाला यामुळे होते.

कर्ज घ्यायचेच तर आधी आपल्या हक्काचे दार ठोठवावे. बचत गट आहे, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. शहरात फिरून किंवा रस्त्याकडेला विकणाऱ्यांसाठी २०२० पासून पीएम स्वनिधी योजना आहे, तिचा पहिला टप्पा आता १५ हजारांचा आहे आणि डिजिटल व्यवहारावर काही रक्कम परत मिळते. नगर परिषदेत चौकशी करावी. चकरा माराव्या लागतात हे खरे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी, म्हणजे "उद्या या" म्हणणाऱ्यालाही तारीख लक्षात राहते.

सीमेपलीकडचे गिऱ्हाईक

उमरीहून धर्माबाद आणि तेथून तेलंगण जवळच. निजामाबादचा माणूस उमरीत येऊन झेंडे घेऊन गेला तर काही अडचण नाही. पण माल पार्सलने राज्याबाहेर विकायचा म्हटले की, उलाढाल कितीही कमी असली तरी बहुतेक मालासाठी जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत व सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. हैदराबादच्या मागण्या वाढत असतील तर नांदेडच्या एखाद्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयची जमा पाहून लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हा घाबरून काहींनी स्कॅनरच काढून टाकले. त्याने काही साधत नाही, जुनी जमा बँकेत नोंदलेली असतेच. वहीत रोजची विक्री, खरेदीच्या पावत्या आणि घरचे आलेले पैसे वेगळे लिहून ठेवले तर नोटिशीला उत्तर देता येते.

स्टॉलवर बसताना

दाभडला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा दादरच्या चैत्यभूमीवर लाखोंच्या गर्दीत मोबाईलचे नेटवर्क दम टाकते. गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात, आपला डबा गप्प. अशा वेळी भांडू नये. दुकानात दिलेले पैसे अडकले तर पाच दिवसांत ते गिऱ्हाइकाला आपोआप परत गेले पाहिजेत, उशीर झाल्यास बँकेने रोजचे १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. गिऱ्हाइकाला तो सांगावा, व्यवहाराचा नंबर लिहून घ्यावा. तुमच्या बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

सुट्टे पैसे मात्र जवळ ठेवावेत. खेड्यातून पायी आलेली एखादी आजी पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढून पंचशील ध्वज मागते, तिला "स्कॅन करा" म्हणणारा विक्रेता आम्ही पाहिला आहे आणि तो आम्हाला आवडला नाही.

पिन कधी टाकायचा हे घरातल्या सगळ्यांना पाठ असावे: पैसे देताना. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, स्कॅनही करावे लागत नाही. "मिलिटरीतून बोलतोय, दोनशे झेंडे हवेत, आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन आला की ठेवून द्यावा. "चुकून जास्त पैसे आले, परत करा" म्हणणाऱ्यालाही आधी आपले पासबुक पाहून मग उत्तर द्यावे. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० वर फोन करावा, वेळ गेली की पैसा पुढे सरकतो. स्टॉल मांडताना आणि जेवून परत आल्यावर आपला स्टिकर आपलाच आहे का तेही पाहावे, त्यावर दुसरा चिकटवणारे निघाले आहेत.

तर उमरीच्या ताईंना आमचे उत्तर असे. आपल्या नावाचे खाते, केवायसी पूर्ण, ज्या बँकेची शाखा गावात चालत जाता येईल अशी असेल तिथे. त्या बँकेचाच दुकानाचा क्यूआर मिळत असेल तर तो, नाही तर एकाच कंपनीचा, पण याच खात्याला जोडलेला. शाखेत रोज जाणे जमत नसेल तर पोस्टाची पेमेंट्स बँकही आहे, पोस्टमन घरी येऊन खाते उघडून देतो. बोलणारा डबा घ्यावा, कर्जाला सध्या नकार द्यावा, गेटवे पुढे पाहता येईल. कंपनीचा पोरगा आला तर डब्याचे भाडे, ते नको झाल्यावर परत करण्याची अट आणि पैसे त्याच दिवशी पडतात की दुसऱ्या दिवशी हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे.

शाखेत जाताना आधार, पॅन, दोन फोटो आणि उद्यमचा कागद बरोबर न्यावा. आणि हे सगळे सीझनच्या निदान महिनाभर आधी करावे. खाते उघडणे, नाव जुळवणे, डबा येणे यात दिवस जातात, आणि एप्रिल उजाडला की ताईंना मशीनवरून उठायलाही सवड मिळणार नाही.